कडा, कडेवर आणि ‘खोल कडा’

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे : “सर, जगातल्या प्रसिद्ध कड्यांची टिपणं काढतोय. हिंदी पुस्तकात समुद्राकाठच्या उभ्या खडकाला ‘भृगु’ म्हटलंय, आपल्या पुस्तकात ‘समुद्रकडा’ आहे. दोन्ही एकच का? आणि ‘उभा कडा’ लिहिलं तर द्विरुक्ती होते का?”

एकच आहेत. द्विरुक्ती होत नाही. पण मुलानं टिपणाचा नमुना सोबत पाठवलाय आणि त्याची पहिलीच ओळ अशी : “कॅनडातील माउंट थॉर हा जगातील सर्वांत खोल कडा आहे.”

अरे, खोल? विहीर खोल असते, दरी खोल असते, कर्जात बुडालेला माणूस खोलात असतो. कडा उंच असतो. दोष त्याचा एकट्याचा नाही, सध्या जो उठतो तो कडा आणि दरी एकाच पोत्यात भरतो. ‘ट्रेकर दरीवरून कोसळला’ असं बातमीत येतं. दरीवरून कसा कोसळेल? कड्यावरून कोसळेल आणि दरीत पडेल. २०१७ साली अमेरिकी गिर्यारोहक अ‍ॅलेक्स होनोल्ड दोराशिवाय एकट्यानं एल कॅपिटन हा अमेरिकेतला कडा चढून गेला. सुमारे ९०० मीटरचा तो उभा ग्रॅनाइट त्यानं चार तासांच्या आत संपवला. आमच्या वाचनमंडळात एकानं ही हकिगत ‘त्यानं दरी सर केली’ अशी सांगितली. मी चहाचा कप खाली ठेवला. दरी सर करायची म्हणजे बेडकासारखं खालून वर यायचं की काय?

आता भृगु. हा शब्द हिंदीवाल्यांनी अमरकोशातून, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशातून, उचललाय आणि चांगला उचललाय. त्यातल्या शैलवर्गात, म्हणजे डोंगराच्या शब्दांच्या भागात, अमरसिंह म्हणतो, ‘प्रपातस्त्वतटो भृगुः’. प्रपात, अतट, भृगु, तिन्हींचा अर्थ कडा. कड्यावरून उडी टाकून देह ठेवायचा त्याला भृगुपात म्हणत, तो याच भृगूमुळं. भृगू ऋषी कड्यावर तप करत म्हणून हे नाव पडलं, ही गोष्ट मला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या डोंगरांची नावं घेऊन सांगितली आहे. तिघांनाही नमस्कार.

या तीन शब्दांत भृगूचीच चर्चा जास्त होते, पण खरी गंमत अतट या शब्दात आहे. तट म्हणजे उतार, काठ, जिथून पाय टेकत टेकत खाली जाता येतं ती बाजू. तो जिथं नाही ते अतट. म्हणजे कड्याचं वर्णन खडकानं केलेलं नाही, पाय ठेवायला काय नाही यावरून केलंय. त्या मुलाचा माउंट थॉर घ्या. बॅफिन बेटावरचा ग्रॅनाइट, १२५० मीटरचा कडा, आणि सरासरी कोन १०५ अंश. म्हणजे काटकोनात उभा राहून भागलं नाही, आणखी पंधरा अंश पुढं झुकलाय. याहून अतट काय असणार! आणि मराठीनं त्या तटाचं काय केलं बघा. आपण तट म्हणतो किल्ल्याच्या भिंतीला. जो शब्द उताराचा होता तो सरळसोट भिंतीला जाऊन चिकटला. प्रपाताचंही तेच. तो पडण्याची जागा होता, आता पडणारं पाणी झालाय. आणि दरी? अमरकोशात ‘दरी तु कन्दरो वा स्त्री’, म्हणजे दरी ही गुहा. त्या हिशोबानं अजिंठ्याला वाघोरा नदीवरच्या सुमारे ७६ मीटरच्या नालाकृती कड्यात लेणी कोरली, ती कड्यातल्या दऱ्या झाल्या. आज असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील, आणि बरोबर काढतील.

आता मूळ मुद्दा. म्हणजे माझा.

कडा हा शब्द संस्कृत ‘कटक’पासून आला. घोटकाचा घोडा, तसा कटकाचा कडा. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण पुढं आहे. आमच्या मंडळातले एक निवृत्त संस्कृतशिक्षक, व्यासंगी माणूस, त्यांचं म्हणणं असं की कटक म्हणजे मुळात हातातलं कडं. म्हणून डोंगराला वेढून जाणारी गोल बाजू ती कडा. पुराव्याला ते अजिंठ्याचा नाल दाखवतात, हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडाही दाखवतात. गुरुजी, मग डोव्हरचं काय? इंग्लंडच्या किनाऱ्यावर खडूची ती पांढरी भिंत, कुठं कुठं ११० मीटर उंच, समुद्राला समांतर लांबच लांब गेलेली. आयर्लंडच्या मोहरचे कडे तर १४ किलोमीटर पसरलेत आणि उंची २१४ मीटरपर्यंत. हे कडं कुठल्या हातात घालायचं?

मी म्हणतो, अमरसिंहालाच विचारा. त्याच वर्गात, पुढच्याच श्लोकात तो लिहितो, ‘कटकोऽस्त्री नितम्बोऽद्रेः’. अद्रीचा, म्हणजे डोंगराचा, नितंब म्हणजे कटक. स्वच्छ शब्दांत सांगितलंय, डोंगराला कंबर आहे. कट, कटि म्हणजे कंबर, तीच आपली कड. कडेला बांधायचा दोरा तो कडदोरा. आमच्याकडं त्यातल्या ड आणि र यांनी जागा बदलल्या आणि करदोडा झाला. आणि लेकरू घेतात ते कडेवर.

मागं आष्टीच्या बाजूला गेलो होतो. त्या तालुक्यात कडा नावाचं मोठं गाव आहे, आता रेल्वेही तिथं थांबते. स्टँडवर एक बाई उभी होती, डाव्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोरगं, उजव्या हातात पिशवी. गाडीला उशीर. दर पाच मिनिटांनी पोरगं खाली घसरायचं. ती हात न लावता डावा पाय जरा लांब टाकायची, कंबर बाजूला काढायची, एक हलका हिसका, की पोरगं परत वर. कंबरेचा जो कंगोरा बाहेर निघायचा त्यावर ते बसायचं, आणि त्याच्या खाली सरळ लुगड्याचा घोळ. मी तिथंच मनात म्हटलं, कडेवर आणि कड्यावर यांत फरक आहे तो फक्त उंचीचा. गुरुजींना हे सांगितलं तर म्हणाले, “हा पुरावा नाही, हा एसटी स्टँड आहे.” ‘कडेवर’मधली कड म्हणजे नुसती बाजू, असं त्यांचं मत. असू द्या. बाजू आली ती कंबरेवरूनच, असं माझं.

कटकाचा आणखी एक अर्थ आहे, लष्कराची छावणी आणि त्यावरून राजधानी. ओडिशातलं कटक शहर त्याच अर्थानं कटक. आणि आपल्याकडं? लीळाचरित्रात देवगिरीचा उल्लेख कटक असाच येतो. आता देवगिरीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा. डोंगराचा खालचा उतार छिन्नीनं तासून तासून सुमारे ५० मीटरची उभी भिंत केलीय, वर चढायला पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे तट काढून टाकून मुद्दाम अतट केलं. खाली यादवांचं कटक, वर माणसानं ताशून काढलेला कडा, एकाच शब्दाची दोन रूपं एकाच डोंगरावर. जगातले नावाजलेले कडे बर्फानं, लाटांनी नाहीतर पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींनी घडवले. आमचा मजुरांनी घडवला. तुझ्या टिपणात हा दिसला नाही, तो घाल.

कडेलोटाबद्दल एवढंच सांगतो. कड्यावरून लोटणं ही शिक्षा होती, रायगडाच्या टकमक टोकावरून ती देत असं सांगतात. म्हणून सहनशीलतेचा कडेलोट होतो, अन्यायाचा होतो. परवा एका सत्कारात सूत्रसंचालक म्हणाला, “सरांवरच्या प्रेमाचा आज कडेलोट झाला आहे.” सर खुर्चीत सावरून बसले.

हां, तुझा ‘उभा कडा’. आपला सह्याद्री, बालाघाट हे बेसाल्टच्या थरांवर थर बसून झालेत, त्यामुळं इथले बरेच कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, मध्ये गवताचे पट्टे असतात. म्हणून कडा उभा आहे, ताशीव आहे, की तुटलेला, हे सांगावं लागतं. बेलाशक लिही. फक्त डोव्हरला ‘कातळकडा’ म्हणू नकोस. कातळावर घण घालावा लागतो, आणि तो तर खडू आहे, फळ्यावर लिहिता येईल असा. डोव्हरला आणि मोहरला समुद्रकडा लिही, थॉर आणि एल कॅपिटनला नुसता कडा. भृगु कंसात लिहिलास तरी चालेल, पण परीक्षकाला ऋषी आठवले तर मला फोन करू नकोस.