पंजाब-हरियाणाचा जुना ट्रॅक्टर घ्यायचा का? तुमच्या प्रश्नांना एकत्र उत्तर

उसाचा हंगाम संपत आला की हा प्रश्न दरवर्षी येतोच, यंदा जरा जास्तच आलाय. "साहेब, पंजाबातला ५० एचपीचा ट्रॅक्टर इथल्यापेक्षा लाखभर स्वस्त मिळतोय, एजंट दारात आणून देतो म्हणतोय, घेऊ का?" कुणी मध्य प्रदेशचं विचारतंय, जत-अक्कलकोटकडचे कर्नाटकातलं विचारतात, एका बागायतदाराने तर जपानच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचं विचारलंय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्या, पण एनओसी, म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखला, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रॅक्टर बिघडला तर मिस्त्री दुरुस्त करतो, कागद बिघडले तर कोणी करत नाही.

स्वस्त का मिळतो ते आधी बघू. पंजाबात जमिनीच्या मानाने ट्रॅक्टर जास्त, कर्जावर घ्यायचा आणि पैशाची नड आली की विकायचा हे तिकडं वर्षानुवर्षं चालत आलंय, म्हणून मोगा, बरनाला, तलवंडी साबो इथं जुन्या ट्रॅक्टरचे बाजार भरतात, आपल्याकडं बैलबाजार भरतो तसे. स्वराज मोहालीचा, सोनालिका होशियारपूरचा, त्यामुळं हे दोन तिथं ढिगानं दिसतील. माणसं हौशी आहेत, ट्रॅक्टर नटवून ठेवतात, पण रंगावर जाऊ नका कारण तोच ट्रॅक्टर भाताच्या चिखलात फिरलेला असतो. केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) लावून पाण्यात चिखलणी केली की ॲक्सलचे ऑइल सील जातात, हबमध्ये पाणी शिरतं, ब्रेकची वाट लागते. मागच्या ॲक्सलजवळ ऑइल पाझरलेलं दिसतंय का बघा, आणि गिअर ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. सीमेपलीकडचा कर्नाटकातला ट्रॅक्टर बहुतेक ऊस ओढून आलेला असतो, त्याचा क्लच, ब्रेक, किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि मागचा हूक आधी तपासा.

इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवू नका. केबल काढून ठेवली की मीटर जागच्या जागी. त्यापेक्षा पॅडलचं रबर, पीटीओ शाफ्टचे (मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे) दाते, थ्री पॉइंटच्या (अवजार जोडायच्या मागच्या जोडणीच्या) पिना किती झिजल्यात ते बघा, तिथं खोटं बोलता येत नाही. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर बोनेटला हात लावला की कळतं. आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, त्याचं भाडं-जेवण तुम्ही करा, ते पैसे वाया जात नाहीत.

आता कागद. खरी गोची इथंच होते. परराज्यातला ट्रॅक्टर नावावर करायचा तर मूळ आरटीओची एनओसी लागते, तो फॉर्म २८. मालकी बदलाचे २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा ३५, आणि आपल्याकडचा नवा नंबर घ्यायला २७. एजंट काय करतो, मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे २९-३० तुमच्या हातात ठेवतो आणि म्हणतो कागद क्लिअर आहेत. मधे दोन-तीन हात बदललेले असतात, मूळ मालक कुठल्या गावचा ते एजंटलाही माहीत नसतं, आणि तो वारला असेल तर वारसाचा फॉर्म ३१ लागतो, मग बसा हजार-दीड हजार किलोमीटरवर वारस शोधत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, गाडी ताब्यात घेतल्याची नोंदही त्याला करावी लागते. तेव्हा सरळ विचारा, प्रमाणपत्र दाखव. नसेल तर तो नुसता मध्यस्थ, मग व्यवहार आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव असलेल्या माणसाशीच करायचा, इसारसुद्धा त्याच्याच खात्यावर बँकेतून पाठवायचा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.

"पंजाबच्या पीबी नंबरवरच फिरवला तर कोण विचारतंय?" हाही प्रश्न आलाय. गावात विचारत नाही हे खरं, पण कायद्याने खरेदीनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. ट्रॉलीची आरसी वेगळी असते, ती लोक हमखास विसरतात. आरसीची मुदत १५ वर्षं, पुढं ५-५ वर्षांनी रिन्यू, म्हणजे १३ वर्षांचा ट्रॅक्टर घेतलात तर दोन वर्षांत पुन्हा आरटीओच्या दारात.

आपला ट्रॅक्टर सीमेपलीकडे विकणाऱ्यांनीही वाचा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी रजिस्टरवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरायचा. तुम्ही विकून मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, पण नाव तुमचंच असेल तर नोटीस तुमच्याच घरी येणार.

बचतीचा हिशेब करताना ट्रॅक्टर लादून आणणाऱ्या ट्रेलरचं भाडं, सील, टायर, टॅक्स आणि रजिस्ट्रेशन सगळं धरा. टॅक्स किती बसेल ते सौद्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. मागचे दोन टायर बदलायला आले असतील तर त्या लाखातली बरीच रक्कम तिथंच जाते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं अनुदान नव्या ट्रॅक्टरला आहे, जुन्याला नाही, त्यासाठी अर्ज करू नका.

राहिला जपानचा मिनी. आयात केलेलं जुनं वाहन तीन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही आणि ते फक्त मुंबई बंदरातूनच आणायचं असा नियम आहे, त्यामुळं फोटोत दाखवलेला वीस वर्षांचा ट्रॅक्टर कुठल्या वाटेनं आला हा पहिला प्रश्न, आणि पार्ट कुठं मिळणार हा दुसरा. द्राक्षबागेत चालणारे छोटे ट्रॅक्टर आता आपल्याकडंही बनतात, ते आधी बघा. तरी तोच घ्यायचा असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा अधिकृत कागद) मागा, टाळाटाळ केली तर फोन ठेवून द्या.