तेझेचा उन्हाळा: वाचक विचारतात

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या तेझे या खेड्यात ब्रदर रॉजर यांनी १९४० मध्ये सुरू केलेला धर्मबंधूंचा समुदाय आहे. त्यात कॅथलिकही आहेत आणि प्रॉटेस्टंटही. उन्हाळ्यात तिथे जगभरातून तरुण येतात, त्यांच्याबरोबर राहतात. त्याबद्दल आलेली निवडक पत्रे.

मुलीला जून ते ऑगस्ट तेझेला राहायचे आहे. मध्ये आठवडाभर स्कॉटलंडच्या आयोना बेटावरही जायचे म्हणते. शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) तीन महिने चालतील ना? (पालक, वसई)

तीन महिने नव्हे, ९० दिवस. तेही मागच्या १८० दिवसांत मिळून. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. १ जूनला उतरली तर नव्वदावा दिवस २९ ऑगस्टला येतो. ३१ ऑगस्टचे तिकीट काढले तर दोन दिवस जादा झाले, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ते आडवे येतात.

शिवाय ९० दिवस मिळतीलच असे नाही. पासपोर्टवरच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाचा: कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा प्रवेश, आणि मुक्कामाचे दिवस. घोटाळा होतो तो तिसऱ्या रकान्यात. तारखा २५ मे ते १० सप्टेंबर असतात आणि दिवसांच्या जागी ४५ लिहिलेले असते. मुक्काम ४५ दिवसांचाच. तारखांची मुदत मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते, विमान पुढेमागे झाले तर पंचाईत नको म्हणून.

आता आयोना. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर स्कॉटलंडला गेल्यावर फ्रान्सचे दार बंद. म्हणून आयोना मध्ये न घालता शेवटी ठेवा आणि परतीचे विमान ब्रिटनमधूनच घ्या. ग्लासगोहून ओबनपर्यंत रेल्वे, मग मल बेटाची फेरी, बेट ओलांडायला बस आणि पुन्हा छोटी फेरी. अख्खा दिवस त्यातच जातो.

आणखी एक. तेझेला बहुतेक जण रविवार ते रविवार असे एका आठवड्यासाठी येतात. अनेक आठवडे किंवा महिने राहायचे तर स्वयंसेवक म्हणून, समुदायाशी आधी पत्रव्यवहार करून. किती दिवस, कोणत्या नात्याने, हे त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरू नका आणि तिकीट तर मुळीच काढू नका. ९० दिवसांपुढे जायचे असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आपल्याकडे मे महिन्यात अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद जमवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

माझी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा गेले तर चालेल? सोबत काय न्यावे? (विद्यार्थिनी, नाशिक)

चालेल, पण आपली उन्हाळी सुट्टी म्हणजे तिकडचा उन्हाळा नव्हे. एप्रिलच्या रात्री बोचऱ्या थंड असतात. तंबूत झोपणार असाल तर पातळ स्लीपिंग बॅगने भागत नाही. खाली घालायला मॅट घ्याच, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये असते. तेव्हा दुपारी भाजून निघाल, तरी पहाटे स्वेटर लागतोच.

जेवण साधे असते. सकाळी पाव, लोणी, चॉकलेटची कांडी आणि वाडग्यातून गरम पेय. बाकी जेवणही बहुधा नुसत्या चमच्याने. शाकाहारी मिळते. घरून तूप, पेढे, मटणाचे लोणचे नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. सुके बोंबील नियमात बसतात, पण बंकबेडच्या खोलीत बसत नाहीत.

आपला दोन बारीक गोल पिनांचा चार्जर फ्रान्समध्ये चालतो, तीन पिनांचा नाही.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. तिथे अवघडल्यासारखे होईल का? (वाचक, अहिल्यानगर)

नाही. प्रार्थना दिवसातून तीनदा, सगळ्यांची एकत्र: छोटी गीते, तीच ओळ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या भाषांत, आणि मध्ये बराच वेळ शांतता. ही शांतता नवख्यांना लांब वाटते, घड्याळ बघू नका. चर्चमध्ये बहुतेक जण जमिनीवरच बसतात, त्यात आपण तयारीचे. कम्युनियन (येशूच्या स्मरणार्थ दिला जाणारा भाकरीचा प्रसाद) न घेणाऱ्यांसाठी आशीर्वादित भाकर असते. घ्यायचे की नाही, याबद्दल आपल्या पाळकांशी निघण्यापूर्वी बोलून ठेवा. ऐन रांगेत ठरवायची ती गोष्ट नव्हे.

मुलगा तीन आठवडे राहणार आहे. दर रविवारी माणसे बदलतात म्हणे. एकटा पडला तर? (आई, पुणे)

पडेल, बहुतेक दुसऱ्या रविवारी. पहिल्या आठवड्यातली मंडळी बॅगा उचलून निघतात आणि संध्याकाळी नव्या माणसांना नाव, गाव, शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. त्यावर नुसता धीर देऊन उपयोग नाही. भांडी घासणे, वाढणे, संडास साफ करणे अशी कामे तिथे सगळ्यांना वाटून मिळतात. तीन आठवडे एकच काम मागून घेतले तर नव्यांना शिकवायचे काम आपोआप त्याच्याकडे येते आणि ओळखी लवकर होतात. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर काही ब्रदर चर्चमध्ये बोलायला थांबतात, हे त्याला सांगून ठेवा. घरी रोज व्हिडिओ कॉल मात्र नको. आठवड्यातून दोनदा पुरे, नाहीतर तो शरीराने तिकडे आणि मनाने पुण्यात.

ब्रदरांसाठी देणगी न्यावी का? (वाचक, वसई)

समुदाय स्वतःसाठी देणगी घेत नाही. मातीची भांडी, पुस्तके अशा आपल्या कामावर तो जगतो. तुम्ही भरता ते पैसे तुमच्याच राहण्या-जेवणाचे, आणि ती रक्कम वय आणि देश पाहून ठरते.

जोडून लुर्द करता येईल? (वाचक, विरार)

येईल, पण मरियामातेचे हे तीर्थक्षेत्र पार दक्षिणेला, स्पेनच्या सीमेजवळ. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. १५ ऑगस्टच्या, म्हणजे मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आसपास तिथे खोली मिळणे कठीण. हाताशी वेळ कमी असेल तर येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीशी जोडलेले पारे-ल-मोनियाल बघा. ते तेझेच्याच जिल्ह्यात आहे.