वाचकांचे प्रश्न : पोटात साचलेले रक्त रुग्णालाच परत देणारा हातपंप

प्रश्न : मी जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. शस्त्रक्रियेत पोटात साचलेले रक्त ओढून, गाळून त्याच रुग्णाला परत देता येईल, असा विजेशिवाय चालणारा हातपंप आम्ही प्रकल्पासाठी तयार करत आहोत. पाण्यावरील चाचण्या उत्तम झाल्या. मात्र जनावराच्या रक्तावर चाचणी घेऊन नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून रक्तातील पेशी व द्रव वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवला, तेव्हा वर आलेला द्रव पिवळसर न राहता लाल दिसला. दोष नेमका कोठे असावा?

उत्तर : वरचा द्रव लाल दिसतो, याचा अर्थ तांबड्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर पडले आहे. असे रक्त रुग्णाला दिले, तर मोकळ्या हिमोग्लोबिनचा भार मूत्रपिंडांवर पडतो. पाण्यात फुटण्यासारखे काही नसते, त्यामुळे पाण्यावरची चाचणी गळती आणि प्रवाह यांपलीकडे काहीच सांगत नाही. मात्र पंपाला दोष देण्यापूर्वी त्याच रक्ताचा थोडा भाग पंपात न घालता बाजूला ठेवावा आणि दोन्ही नमुने एकाच वेळी तपासावेत, कारण गोळा करताना व वाहून आणतानाही रक्त पुष्कळदा आधीच फुटलेले असते.

बाजूला ठेवलेला नमुना स्वच्छ निघाला, तर माझा पहिला संशय दट्ट्या कोण ओढतो यावर जाईल. आपल्या आराखड्यात मूठ हाताने मागे खेचून शोषण निर्माण होते असे मी गृहीत धरतो. बहुतेक पहिल्या आराखड्यांत तसेच असते. रक्त ओढताना पेशी फुटू नयेत म्हणून निर्वात दाब शक्यतो 100 ते 150 मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवावा, असा रूढ संकेत आहे. आता 5 सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे घेऊन हिशेब करून पाहा. दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर भरते आणि 100 मिलिमीटरच्या शोषणासाठी जेमतेम पावणेतीन किलो जोर पुरतो. परंतु समोर रक्तस्राव सुरू असताना घाईत असलेला माणूस 15 किलोचा जोर सहज लावेल, आणि अशा वेळी नळीचे तोंड आतड्याच्या आवरणाला चिकटून बंद झालेले असेल, तर तोच दाब साडेपाचशे मिलिमीटरच्या पुढे जाईल. सूचनापत्रात ‘सावकाश ओढा’ असे लिहून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून शोषणाचे काम हाताकडून काढून स्प्रिंगकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने मूठ खाली दाबायची, त्या दाबाने नळकांड्यातील रक्त पिशवीत जाईल. मूठ सोडली की स्प्रिंग दट्ट्याला मागे नेईल आणि नवे रक्त आत ओढले जाईल. या रचनेत माणूस कितीही बलदंड असला, तरी शोषण स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जाऊ शकत नाही. स्प्रिंग लांब आणि आधीच थोडी दाबून बसवलेली असावी, म्हणजे धावेच्या, म्हणजे दट्ट्याच्या एका फेरीतील अंतराच्या, सुरुवातीचा व शेवटचा जोर यांत फार फरक पडणार नाही. धाव 5 सेंटिमीटरची ठेवली, तर एका दाबात सुमारे 100 मिलिलिटर रक्त पुढे सरकते, आणि ते पुरेसे आहे. या फेरबदलाने दाबणाऱ्याचे श्रम थोडे वाढतील, कारण त्याला स्प्रिंगही दाबावी लागेल. ती किंमत मोजावी.

दुसरा संशय हवेवर. साचलेल्या रक्ताच्या पृष्ठभागावरून ओढताना हवा आणि रक्त एकत्र घुसळले जातात, फेस होतो आणि पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात. टोकाला एकच भोक ठेवण्याऐवजी बाजूंनी अनेक मोठी भोके ठेवावीत आणि टोक रक्तात बुडलेले राहील असा त्याला बाक द्यावा. झडपाही उघडून पाहा. गोळीची झडप बंद होताना पेशी चिरडते, तर अरुंद फटीच्या झडपेतून रक्त फार वेगाने घुसते. रुंद तोंडाची पातळ रबरी पाकळी मला त्यातल्या त्यात बरी वाटते. नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच प्रवाहाला सोळापट दाब लागतो, तेव्हा नळीत काटकसर नको.

गाळणीबाबत एक सूचना करतो. बारीक गाळणी पंपाच्या दाबाखाली ठेवली, तर हाताचा जोर गुठळ्यांना तिच्यातून रेटून पार करतो. पंपाच्या वाटेवर फक्त जाड जाळी असावी. रक्त देण्याच्या नेहमीच्या सेटमधील 170 ते 200 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणी, आणि शक्य असल्यास 40 मायक्रॉनची, पिशवी व रुग्ण यांच्यामध्ये ठेवावी. पिशवी रुग्णाच्या मीटरभर वर टांगली, तर तेथील दाब 80 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपासच राहतो. पंपातून थेट शिरेत रक्त ढकलण्याचा मोह तर मुळीच नको. 1970 च्या दशकातील रोलर पंपाच्या (फिरत्या रुळांनी नळी दाबून रक्त पुढे ढकलणाऱ्या) यंत्रांमध्ये शिरेत हवा जाऊन रुग्ण दगावले होते. पिशवी, ठिबक-कक्ष आणि गुरुत्वाकर्षण हा मार्ग संथ असला, तरी हवेच्या बाबतीत कितीतरी अधिक सुरक्षित आहे.

प्रश्न : अनेक ठिकाणी डॉक्टर असे रक्त डावाने उपसून, कापडी गॉजमधून गाळून परत देतात, असे वाचले. तसे असेल, तर वेगळ्या साधनाची आवश्यकता काय?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि त्या पद्धतीने जीव वाचले आहेत. बीजवाहिनीत वाढणारा गर्भ फुटून पोटात साचलेले रक्त परत दिल्याची नोंद जर्मन डॉक्टर योहान थीस यांनी 1914 मध्ये केली होती. घानातील रुग्णालयांत डावाचा वापर पाहूनच मिशिगन विद्यापीठात शिकलेल्या अभियंत्यांनी ‘हेमाफ्यूज’ या हातपंपाची कल्पना पुढे नेली. उघड्या भांड्यात उपसण्याला वेळ लागतो, माणसे अधिक गुंततात, हवेतील जंतूंचा संसर्ग संभवतो आणि गाळण्याचा दर्जा गॉजच्या घड्यांवर अवलंबून राहतो. बंद मार्गाचा पंप या उणिवा कमी करतो.

तो याहून अधिक काही करत नाही, हेही लक्षात घ्यावे. रक्त धुऊन देणाऱ्या विजेवरील यंत्राप्रमाणे तो मोकळे हिमोग्लोबिन काढू शकत नाही, आणि कोणतीही गाळणी तांबड्या पेशी जाऊ देऊन जंतू अडवू शकत नाही, कारण सुमारे 7 ते 8 मायक्रॉनच्या पेशीपेक्षा जंतू लहान असतात. म्हणून आतडे फुटून रक्त दूषित झाले असेल, त्याला दुर्गंधी येत असेल किंवा ते पोटात फार काळ राहिले असेल, तर ते परत देत नाहीत. हा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

प्रश्न : गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिशवीत सायट्रेट किती असावे?

उत्तर : रक्तपेढीच्या नेहमीच्या पिशवीत 450 मिलिलिटर रक्तासाठी 63 मिलिलिटर सायट्रेटयुक्त द्रावण असते, तेच प्रमाण आधार म्हणून घ्यावे. अडचण येते ती पिशवी अर्धीच भरली तर. द्रावण तेवढेच राहते, रक्त कमी पडते, आणि जादा सायट्रेट रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते. लहान पिशव्या वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

प्रश्न : पंप धुऊन पुन्हा वापरता येईल का?

उत्तर : नळकांडे, दट्ट्या आणि स्प्रिंग यांचे साहित्य 134 अंश सेल्सिअसची वाफ सोसणारे असेल आणि प्रत्येक भाग हत्याराशिवाय सुटा होत असेल, तरच. आधी थंड पाण्याने धुवावे, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने घट्ट चिकटतात. दट्ट्यावरील रबरी कड्याची खाच अवश्य तपासावी. वाळलेले रक्त तेथेच दडून राहते. गाळणी, नळ्या आणि पिशवी मात्र एकदाच वापरून टाकून द्याव्यात, आणि वापरलेली गाळणी पुन्हा बसूच नये अशी खिटी आराखड्यातच ठेवावी.