वाचकांचे प्रश्न : वैद्यकाचा इतिहास शिकायचा तर सुरुवात कुठून करावी?

वैद्यकाचा इतिहास हा पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे, असे मागील अंकात या सदरात ओघात लिहून गेलो. त्या एका वाक्यावर एकट्या नागपुरातून आलेली पत्रे पाहता ते वाक्य ओघात लिहिण्याजोगे नव्हते, हे मान्य करावे लागते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी एम.बी.बी.एस. पूर्ण करून सध्या इंटर्नशिप करीत आहे. नीट-पीजीच्या तयारीत मन लागत नाही. वैद्यकाचा इतिहास किंवा वैद्यकीय मानव्यविद्या यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावेसे वाटते. या दोन्हींत नेमका फरक काय? आणि यासाठी परदेशी जावेच लागते का? — एक वाचक, मेडिकल चौक

उत्तर : फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा आपल्याच शहरातल्या एका रकान्यावरून सांगतो. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 पासूनचे आहे. इंग्रजी अमदानीतील ‘लुनॅटिक असायलम’च्या वार्षिक अहवालांत दाखल झालेल्या माणसांचे तक्ते असत आणि त्यात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. देशभरच्या अशा तक्त्यांमध्ये त्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द इतक्या वेळा येई, की गांजाने वेड लागते हे जणू आकड्यांनीच सिद्ध झाले आहे, असा सरकारी समज होऊन बसला होता. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी 1893 मध्ये नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने 1892 सालची प्रकरणे एकेक करून उकलली, तेव्हा तो रकाना बहुधा रुग्णाबरोबर आलेल्या पोलिसांच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला असे, असे दिसून आले. चौकशी वरवरची झालेली आणि कारण मात्र ठाम लिहिलेले, असा तो प्रकार होता.

हा रकाना कोणी भरला, कोणत्या कागदावरून भरला, तो कोणाला हवा होता आणि त्याच्या आधारे पुढे काय ठरले, हे विचारणे म्हणजे वैद्यकाचा इतिहास. मानव्यविद्येचा प्रश्न याच्या शेजारचा आहे, पण तोच नव्हे. त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना काय झाले आहे असे वाटत होते, त्यासाठी त्यांचा शब्द कोणता होता आणि तो शब्द कागदावर येईपर्यंत त्याचे काय झाले, याचा शोध ती साहित्य, नीतिशास्त्र, मानववंशशास्त्र आणि नाट्य यांच्या साधनांनी घेते. यासाठी शंभर वर्षे मागे जाण्याचीही गरज नाही. ओपीडीत एखादी बाई ‘हातपाय गयल्यासारखे वाटते’ म्हणते आणि केसपेपरवर ‘जनरलाइज्ड वीकनेस’ उमटते. मधल्या अर्ध्या मिनिटात जे गळून जाते, तो या विद्येचा विषय. कोलंबिया विद्यापीठात डॉ. रिटा चॅरन यांनी ‘नॅरेटिव्ह मेडिसिन’ या नावाने जो अभ्यासक्रम उभा केला, त्याचा गाभा रुग्णाची कहाणी लक्षपूर्वक ऐकणे आणि ती लिहिणे हाच आहे. आपल्याकडेही 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. तो शिकवायला माणसे मात्र कमी पडतात, ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

आता परदेशाविषयी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे विज्ञान व वैद्यकाच्या इतिहासाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, डरहॅम येथे वैद्यकीय मानव्यविद्येची स्वतंत्र संस्था आहे, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासाची संस्था तर 1929 पासूनची असून तिचा एक अभ्यासक्रम ऑनलाइनही चालतो. ब्रिटनमधील अशी पदवी बहुधा एका वर्षाची असते. त्या एका वर्षात पद्धत शिकायची, विषय ठरवायचा आणि प्रबंधिकाही लिहायची असल्याने, विषय येथूनच डोक्यात घेऊन गेलेला विद्यार्थी तरतो आणि तेथे जाऊन विषय शोधू म्हणणाऱ्याचे वर्ष पाहता पाहता निघून जाते.

म्हणून माझा सल्ला थोडा उलट्या टोकाने सुरू होतो. शासकीय महाविद्यालयातून शिकला असाल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा समोर आहेच; त्या वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्रावर असतानाच इग्नूच्या इतिहासातील एम.ए.ला नाव घाला. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तेथे प्रवेश मिळतो आणि इग्नूचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत, तर पुराव्याची उलटतपासणी आहे, हे एकदा अंगवळणी पडले की पुढची वाट निवडणे सोपे जाते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ या दोघांनाही सामावून घेते. आयुर्वेद किंवा युनानीच्या हस्तलिखितांची ओढ असेल, तर हैदराबादची राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्था पाहावी.

एक गोष्ट थोडी स्पष्टच लिहितो. नीट-पीजीचा कंटाळा हे इतिहासाकडे वळण्याचे पुरेसे कारण नाही. येथेही पाठांतर सोडले तर बाकी सगळा कंटाळा आहेच, वर तो धुळीने भरलेला आहे. नोंदणी कायम ठेवा आणि रुग्ण तपासणे पूर्ण सोडू नका. लोकसंख्येचा आणि साथींचा विचार करणारा पी.एस.एम. हा विषय किंवा मनोविकारशास्त्र यांत एम.डी. करून इतिहासाकडे येणारी माणसे या क्षेत्रात कमी आहेत आणि त्यांच्या लिखाणाला वजन असते.

प्रश्न : मुलगी वैद्यकीय मानव्यविद्या शिकायला ब्रिटनला जायचे म्हणते. खर्च मोठा आहे. परत आल्यावर नोकरी मिळेल का? — एक पालक, धरमपेठ

उत्तर : या नावाची नोकरी जाहिरातीत दिसणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या संस्था, संग्रहालये, आरोग्यविषयक लेखन-संपादन आणि पीएच.डी.नंतर विद्यापीठातील अध्यापन, अशा निरनिराळ्या दारांतून आत जावे लागते. भारतात इतिहासाचे अध्यापन करायचे असेल तर इतिहास विषयात 55 टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट ही प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा यांचा विचार आधीच करावा. केवळ ‘मानव्यविद्या’ असे नाव असलेल्या परदेशी पदवीवर नेटच्या विषयाशी जुळणी करताना पुढे अडचण येऊ शकते.

खर्चाबाबत चेव्हनिंग, कॉमनवेल्थ आणि ऑक्सफर्डसाठी फेलिक्स या शिष्यवृत्त्या पाहाव्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या 2022 च्या नियमावलीत मात्र भारताचा इतिहास, वारसा, संस्कृती आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास असे विषय वगळले होते. स्वतःच्या देशातल्या साथींचा अभ्यास करणाऱ्याने हे वाचून काय समजावे, हा प्रश्न मी येथे सोडून देतो. अर्ज भरण्याआधी त्या-त्या वर्षीची नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, एवढेच सांगतो.

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. करीत असून ‘नागपुरातील 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ’ हा विषय लघुप्रबंधासाठी सुचवण्यात आला आहे. कागदपत्रे कुठे मिळतील? मला वैद्यकशास्त्र येत नाही, हे आड येईल का? — एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : विषय उत्तम आहे, पण आहे त्यापेक्षा लहान करा. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले आणि शरद ऋतूतील साथीची दुसरी, घातक लाट उपाशी माणसांवर आली. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे जनगणनेत दिसते, त्यामागे ही साथ मुख्यत्वे आहे. एवढा मोठा ऐवज लघुप्रबंधात मावणार नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 1918 हे चार महिने घ्या आणि त्यातही एक बाजू धरा. उदाहरणार्थ, 1864 पासून असलेल्या नगरपालिकेने काय केले, किंवा 1877 पासून चालू असलेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांच्या वस्त्यांत काय झाले.

पहिला शोध घरबसल्या करता येईल. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातील वैद्यकविषयक अहवालांचा मोठा संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर अनेक नस्त्या (सरकारी फायली) घरी बसून पाहता येतात. त्यानंतर नागपूरचे पुराभिलेखागार गाठा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्यामुळे जुन्या मध्यप्रांताचा माग काढताना भोपाळचाही विचार मनात ठेवावा लागतो. वृत्तपत्रांपैकी नागपुरातून 1914 पासून निघणाऱ्या ‘महाराष्ट्र’ साप्ताहिकाचे त्या महिन्यांचे अंक मिळाले तर बातमीआधी जाहिराती पाहा. साथीच्या दिवसांत कोणते काढे आणि कोणत्या गोळ्या विकल्या जात होत्या, हे सरकारी अहवाल सांगत नाही. व्यापाऱ्यांच्या वह्या किंवा खाजगी पत्रे हाती लागली तर ती मोडीत असण्याची शक्यता आहे. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात. ते आत्ताच करून घ्या, प्रबंध लिहायला बसल्यावर नव्हे.

वैद्यकशास्त्र येत नाही याची धास्ती नको; पण एक सापळा ओळखून ठेवा. त्या काळी मृत्यूची खबर गावचा कोतवाल पोलीस ठाण्यावर देई आणि तेथे मृत्यूच्या कारणांचे मोजके रकाने असत. पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर. कोतवाल डॉक्टर नव्हता. पटकी आणि देवी त्याला ओळखू येत. उरलेले बहुतेक ‘ताप’मध्ये जात. म्हणजे हिवतापाने गेलेले मूल आणि इन्फ्लुएंझाने गेलेला तरुण एकाच रकान्यात येऊन बसतात. नुसता 1918 चा आकडा उचलून ‘इन्फ्लुएंझाने इतके मेले’ असे लिहू नका. आधीच्या पाच वर्षांतील त्याच महिन्यांची ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे विकार’ यांची सरासरी काढा, ती 1918 च्या आकड्यातून वजा करा, आणि जे उरेल त्याला ‘जादा मृत्यू’ म्हणा. साथ ऐन भरात असताना खबर देणारा कोतवालही आजारी पडत असे किंवा मरत असे, म्हणून ज्या आठवड्यांत आकडा अचानक खाली येतो तेथे साथ ओसरली असे मानण्यापूर्वी दोनदा विचार करा.

अभिलेखागारात धीर धरावा लागतो. मी एकदा ‘मेडिकल’ या शीर्षकाची एक नस्ती तीन दिवस वाट पाहून मिळवली आणि आत निघाला तो दवाखान्याच्या विहिरीच्या रहाटदुरुस्तीचा पत्रव्यवहार. चिडून टिपणही नीट घेतले नाही. दोन वर्षांनी पटकीवर लिहायला बसलो, तेव्हा त्या विहिरीचे पाणी कोण भरत होते आणि कोणाला भरू देत नव्हते हे सांगणारा तोच एक कागद होता, आणि मला पुन्हा तेवढीच वाट पाहावी लागली.

प्रश्न : माझे वडील रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे एल.एम.पी. (पदवीऐवजी परवान्याचा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर) होते आणि पुष्कळ वर्षे इतवारीत दवाखाना चालवत. त्यांच्या ट्रंकेत रुग्णांच्या नोंदवह्या, चिठ्ठ्या आणि औषधाच्या दोन-तीन बाटल्या आहेत. मुले म्हणतात, रद्दीत द्या. तुम्ही काय म्हणाल? — एक वाचक, महाल

उत्तर : ताई, रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवा. 1947 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघण्यापूर्वी नागपुरात डॉक्टर तयार होत ते रॉबर्टसन स्कूलमध्ये. देशातील आरोग्यसेवेची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 च्या अहवालात एल.एम.पी.सारखे अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकाच दर्जाची पदवी ठेवावी अशी शिफारस केली. काही सदस्यांनी त्याला विरोधही नोंदवला होता. त्यानंतर हा सगळा वर्ग हळूहळू दिसेनासा झाला. समितीचा अहवाल कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात सापडतो, पण इतवारीतला एल.एम.पी. डॉक्टर दिवसाला किती रुग्ण तपासत होता, किती पैसे घेत होता आणि कोणाला उधारीवर औषध देत होता, हे तुमच्या ट्रंकेखेरीज कुठे असण्याची शक्यता कमी. आपल्याकडे डॉक्टरांच्या आठवणीही मोठ्या विसरभोळ्या आहेत. 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सर्वांना माहीत आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही किती जणांना ठाऊक आहे?

वह्या आहेत त्या क्रमाने ठेवा. पानांमध्ये खोचलेल्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या करू नका, कारण कोणती चिठ्ठी कोणत्या पानात होती हीही एक माहितीच असते. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांपासून कागद दूर ठेवा. सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाईलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. या नोंदींत लोकांची नावे आणि आजार आहेत आणि त्यांची नातवंडे-पतवंडे कदाचित तुमच्याच गल्लीत राहत असतील. म्हणून छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नका, आणि एखाद्या संस्थेला ऐवज देताना रुग्णांची नावे झाकूनच वापरली जातील अशी अट लेखी घाला.

बाटल्यांविषयी तुम्ही लिहिले आहे, की एकीच्या अंगावर दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटलेली आहे. ती कंपाउंडरने कात्रीने कापलेली डोसाची पट्टी आहे. एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत एक डोस, असे वाचता न येणाऱ्या रुग्णालाही समजावे म्हणून. बाटली धुऊन काढायचा मोह होईल, पण पट्टीला पाणी लावू नका. आत वाळलेले औषध राहिले असेल तर बूच न उघडता बाटली तशीच उभी ठेवा.