वाघाचं जंगल आणि जुना किल्ला, दोन्ही दोन दिवसांत पाहायचे तर मेळघाटात कुठे जावं?

तुमच्या मुलाला वाघ पाहायचाय, तुम्हाला किल्ला आणि हातात दोनच दिवस आहेत. नुसता वाघच हवा असेल तर सरळ ताडोबा गाठा. मेळघाट डोंगराळ आहे, सागाचं रान दाट आहे, वाघ असूनही सहजी दिसत नाही. मला तीन फेऱ्यांत एकदाही दिसला नाही. तरी मी चौथ्यांदा जाणार आहे, ते नरनाळा किल्ल्यासाठी.

अकोल्याला उतरून अकोटमार्गे शहानूरला मुक्काम करा आणि पहाटेची सफारीची जिप्सी घ्या. मागच्या मार्चमध्ये आम्हाला रस्त्याच्या फुफाट्यात पंजा दिसला, माझ्या तळहाताहून मोठा. त्याच्या कडेची धूळ अजून ढासळलेली नव्हती. आमचा कोरकू गाईड खाली वाकून बघत म्हणाला, "आत्ताच गेलाय." तेवढ्यात नाल्यातून सांबर ओरडलं. गाडी बंद करून अर्धा तास बसलो. वाळलेल्या सागाच्या पानांवरून रानकोंबडा चालला तरी छातीत धस्स होत होतं. वाघ काही बाहेर आला नाही, पण माझी मुलगी अजून त्या अर्ध्या तासाबद्दलच बोलते.

नरनाळा किल्ला याच जंगलात आहे. वर महाकाली दरवाज्यापाशी घाई करू नका. १४८७ सालचं हे काम फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कचं, म्हणजे पुढे वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणाऱ्याचं. फिकट दगडात कोरलेली अक्षरं आणि कमळं तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून सकाळीच जा. पुढे नऊगजी तोफ आहे. पाणी सोबत ठेवा आणि अंधाराच्या आत खाली या.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव सुर्जी, परतवाडा करत चिखलदरा. याच अंजनगावात ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्याआधी १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला होता. त्या लढाईत किल्लेदार बेनीसिंग पडला. इंग्रजांनी उत्तरेच्या बाजूने, याच डोंगरांतून तोफा ओढत आणल्या होत्या. घाट चढताना खिडकीतून खाली बघा, म्हणजे ते काय काम असेल ते कळतं.

दुर्बीण मात्र नक्की घ्या. शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजला गेलेला रानपिंगळा, एक लहान घुबड, १९९७ मध्ये पुन्हा सापडला, आणि मेळघाटातही तो आहे. गाईडला आवर्जून विचारा, वाघाच्या नादात त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर गंडभेरुंड आहे, दोन तोंडांचा पक्षी. हे कामही नरनाळ्याच्या त्याच फतेहउल्लाचं मानतात. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेला कानडी मुलगा, आणि गंडभेरुंड तिकडचंच चिन्ह. मुलाला आधी काही सांगू नका, दरवाज्यासमोर उभं करा आणि त्यालाच तो पक्षी शोधू द्या.