वाचक विचारतात : कोरडी वाफ, ओली गादी

गाडी आतून साफ करण्यासाठी वाफेचं यंत्र घ्यावं का आणि कुठलं, अशी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

प्रश्न : घरच्या दोन गाड्या आतून साफ करायच्या आहेत. जमलं तर पुढे इतरांच्याही करीन. तीन यंत्रं पाहून ठेवली आहेत. एक हातात धरायचं : १००० वॉट, ३०० मिलीची टाकी, ३ बार दाब. दुसरं जमिनीवर ठेवायचं, नळीवालं : १५०० वॉट, दीड लिटरचा बॉयलर, ४ बार. तिसरं २००० वॉटचं, ६ बार, त्यात पाण्याची टाकी वेगळी आणि बॉयलर वेगळा. 'जास्त बार असलेलंच घ्या' असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का?

बारचा आकडा खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो आणि गाडीच्या आतल्या कामात त्याचा उपयोग सगळ्यात कमी. सीटचं कापड, दारांचं प्लास्टिक, गिअरभोवतीच्या खाचा, सीटचे रूळ, यांना ३ ते ४ बार भरपूर झाले. दाब वाढला की बॉयलरमधल्या वाफेचं तापमान वाढतं, हा कुकरचाच नियम. ३ बारला ते साधारण १४४ अंश सेल्सिअस असतं, ४ बारला १५२ आणि ६ बारला १६५. पण नोझलमधून सुटल्यावर तिचा दाब बाहेरच्या हवेइतका होतो, गार हवा तिच्यात मिसळते आणि चार-पाच इंचांवर ती १०० अंशांच्या खाली आलेली असते. बॉयलरमधला वीस अंशांचा फरक कापडापर्यंत फारसा पोचत नाही.

त्यापेक्षा वॉट बघा, कारण वॉट खोटं बोलू देत नाहीत. २५ अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २५७० ज्यूल उष्णता लागते. हिशेब मांडला, तर १००० वॉटचं यंत्र मिनिटाला जेमतेम २३ ग्रॅम वाफ सलग देऊ शकतं, १५०० वॉटचं ३५ आणि २००० वॉटचं ४६. १५०० वॉटच्या यंत्रावर 'मिनिटाला १०० ग्रॅम वाफ' छापलेलं असेल, तर त्याचे अर्थ दोनच. एक तर तो पहिल्या काही सेकंदांच्या झोताचा आकडा आहे, नाहीतर त्यातला मोठा वाटा वाफेचा नसून गरम पाण्याच्या थेंबांचा आहे.

हे थेंब हीच खरी कटकट. कोरडी वाफ मळ सोडवते आणि कापडाने टिपली की मिनिटभरात सीट वाळते. ओली वाफ गादीत मुरते.

आता तुमच्या तीन यंत्रांकडे वळू. हातातलं तीन-चार मिनिटांत तयार होतं, पण ३०० मिली पाणी तेरा मिनिटांच्या सलग वाफेत संपतं. शिवाय सीटखाली शिरताना ते तिरकं झालं की पाणी थुंकतं. एसीच्या जाळ्या, कप ठेवायच्या खाचा, दारांचे कोपरे एवढंच काम असेल तर ते चांगलं, पण अख्खी गाडी त्यावर काढायची म्हणजे मनगटाची परीक्षा. दीड लिटरच्या बॉयलरला तापायला नऊ-दहा मिनिटं लागतात. मात्र एवढ्या तापलेल्या पाण्यात उष्णता साठलेली असते, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावर झोत चटकन मंदावत नाही. एका गाडीच्या आतल्या कामाला, थांबून थांबून वाफ सोडली तर, साधारण एक ते दीड लिटर पाणी लागतं. म्हणजे एका भरण्यात एक गाडी होते. अडचण एकच, मध्येच पाणी संपलं तर दाब पूर्ण उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही. तिसऱ्या प्रकारात पंप गार टाकीतून बॉयलरमध्ये लागेल तसं पाणी ढकलतो आणि काम न थांबवता टाकी भरता येते.

दोन घरच्या गाड्यांसाठी दुसरं घ्या. दिवसाला दोन-तीन गाड्या खरोखरच करायच्या असतील तर तिसरं, आणि तेसुद्धा ६ बारसाठी नव्हे, वेगळ्या टाकीसाठी.

निवडताना दोन गोष्टी हाताने तपासा. वाफ कमी-जास्त करायची कळ हवीच. ज्या यंत्रात 'चालू' आणि 'बंद' एवढंच आहे, ते डॅशबोर्डवर वापरू नये. आणि नळी किमान दोन मीटर हवी, म्हणजे तापलेला बॉयलर गाडीबाहेर जमिनीवर राहतो. यंत्र चालवून बघायला मिळालं तर पहिला झोत सोडून द्या आणि मग वीतभर अंतरावरून गडद, कोरड्या कापडावर दहा सेकंद वाफ सोडा. कापड नुसतं दमट झालं तर ठीक. टपोरे थेंब दिसले तर यंत्र परत ठेवा.

सोबत येणाऱ्या पितळी ब्रशवर खूश होऊ नका. तो गाडीच्या आत कुठेच चालत नाही, प्लास्टिकवर कायमचे ओरखडे पाडतो. नायलॉनचा छोटा गोल ब्रश, बारीक तोंडाचं नोझल आणि कापड गुंडाळायचा त्रिकोणी ब्रश, एवढ्यावर काम होतं. मायक्रोफायबरची कापडं मात्र एका गाडीला दहा-बारा लागतात. वाफ मळ फक्त सैल करते, उचलतं ते कापड. मळलेल्या कापडाने पुढचा भाग पुसला की तोच मळ पुढे सरकतो, म्हणून कापडाची घडी सतत उलटत राहावी लागते.

प्रश्न : यंत्र नवीन होतं तेव्हा छान चालायचं. आता वाफेबरोबर पाणी थुंकतं आणि काळ्या डॅशबोर्डवर पांढरे ठिपके राहतात. वाफेत क्षार येतात का?

निव्वळ वाफेत क्षार नसतात, ते बॉयलरमध्येच मागे राहतात. ठिपके पडतात ते वाफेबरोबर उडालेल्या पाण्याच्या थेंबांमुळे. म्हणजे ठिपके आणि थुंकणं ही एकच तक्रार आहे.

आधी साधी कारणं तपासा. बॉयलर काठोकाठ भरला असेल तर वाफेला वर जागाच उरत नाही आणि उकळतं पाणी सरळ नळीत जातं. खुणेच्या वर पाणी नको. गार नळीत पहिली वाफ थिजून पाणी होते, त्यामुळे प्रत्येक वेळी, आणि मध्ये दोन-तीन मिनिटं थांबलात तरी, पहिला झोत जुन्या फडक्यावर सोडायचा. ट्रिगर सलग दाबून धरला की दाब झपकन उतरतो आणि पाणी जोरात उसळतं. पाच-सात सेकंद वाफ, मग तेवढाच विसावा, ही लय ठेवा. आणि बॉयलरमध्ये साबण, शाम्पू, अत्तर असलं काही घातलं असेल तर फेस होणारच आणि तो फेसच बाहेर येणार. त्यात पाण्याखेरीज काही जात नाही.

हे सगळं ठीक असेल तर आत क्षारांचा थर बसलाय असं समजा. पुस्तिकेत मनाई नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून थंड बॉयलरमध्ये ओता. झाकण उघडं ठेवून दोन-तीन तास राहू द्या, मधूनमधून यंत्र हलवा. हे पाणी आत असताना यंत्र सुरू करू नका. दाबाखाली आम्ल तापवणं धोक्याचं आहेच, शिवाय सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम यांपासून होणारा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणजे काढायला गेलात तोच थर नव्या रूपात बसतो. मग यंत्र उलटं करून ओतून द्या. पापुद्रे बाहेर पडतील. पापुद्रे पडायचे थांबेपर्यंत, निदान तीनदा, साध्या पाण्याने खळबळून घ्या आणि त्यानंतरच्या पहिल्या भरण्याची वाफ बादलीत सोडून संपवा. नाहीतर राहिलेला कण नेमका बारीक नोझलमध्ये अडकतो.

पुढे क्षार काढलेलं पाणी वापरलंत तर हा खटाटोप कमी होईल. एक पथ्य आहे : काही यंत्रांत पाण्याची पातळी ओळखणारा काटा पाण्यातून वीज वाहते की नाही यावर चालतो. अशा यंत्रात संपूर्ण शुद्ध पाणी घातलं तर टाकी भरलेली असूनही 'पाणी नाही' असा दिवा लागतो. तिथे निम्मं साधं आणि निम्मं क्षारमुक्त पाणी घाला.

प्रश्न : मागच्या सीटवर दूध सांडलं होतं. दोनदा वाफ मारली. डाग फिका झाला, पण वास आधीपेक्षा वाढला. यंत्र कमी ताकदीचं आहे का?

यंत्राचा दोष नाही, या डागावर वाफ हे औषधच नव्हे. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसं उष्णतेने दुधातलं प्रथिन धाग्याला घट्ट धरतं. रक्त, अंडं, उलटी यांचंही हेच. शिवाय वाफ वरच्या कापडापुरतीच काम करते. दूध फोममध्ये खोल गेलंय आणि तुम्ही त्याला वरून ऊब आणि ओल दिलीत. जंतूंना आणखी काय हवं!

आता प्रथिनं तोडणारं एन्झाइमचं क्लीनर आणा आणि दूध जेवढं खोल गेलं असेल तेवढं ते खाली मुरेल इतकं ओता. नुसतं वरून फवारून उपयोग नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहिलं पाहिजे, वाळू लागलं तर पुन्हा शिंपडा. गरम पाणी किंवा वाफ या टप्प्यावर अजिबात नको, उष्णतेने एन्झाइमच निकामी होतं. मग ओलं खेचणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून घ्या, साधं गार पाणी घालून पुन्हा ओढा, असं दोनदा. पंखा लावून दारं उघडी ठेवा आणि गादी तळापर्यंत वाळू द्या. वरून हात कोरडा लागला तरी आत ओल असते. जाड सुती फडकं ठेवून गुडघ्याने दाबून बघा, ते दमट झालं तर अजून थांबा.

वाफेला खरं यश मिळतं ते तेलकट हातांचे डाग, चिकटलेलं च्युइंगम, चॉकलेट, स्टिअरिंगवरचा काळा थर, दारांच्या रबरातली घाण यांवर.

प्रश्न : गाडीत वाफ कुठे वापरू नये?

स्क्रीन, बटणांच्या फटी, चार्जिंगची भोकं आणि सीटखालची वायरिंग इथे थेट वाफ नको. सीटखाली पिवळे जोड दिसले तर ते एअरबॅगचे असतात. ते ओले करायचे नाहीत आणि सफाईसाठी सोडवायचेही नाहीत. एअरबॅगच्या शिवणीवरही झोत धरू नका.

छताचं कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. गोंद मऊ झाला की कापड सुटून लोंबतं आणि मग ते काढून नव्याने लावण्यावाचून इलाज नाही. छताला फक्त दमट कापड, तेही हलक्या हाताने. काचेवरच्या काळ्या फिल्मचंही तेच. थंडगार काचेवर एकदम वाफ धरली तर आधीचा बारीक तडा पसरू शकतो.

चामड्याबाबत लोक फार बेफिकीर असतात. ओलं चामडं ठरावीक तापमानाला कायमचं आक्रसतं. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलं चामडं ८० अंशांच्या आसपासच आवळतं, क्रोमने कमावलेलं १०० च्या आसपास किंवा वर टिकतं. वाफ नेमकी या पट्ट्यात येते. म्हणून नोझलवर मायक्रोफायबर दुहेरी गुंडाळा, कळ सगळ्यात कमी वाफेवर ठेवा आणि हात थांबवू नका. आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर करून बघा. स्वेडसारख्या लवदार कापडावर वाफ न धरलेलीच बरी. सीटबेल्ट पूर्ण ओढून, चिमट्याने अडवून, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच आत सोडा.

प्रश्न : गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं यंत्र मिळतं. ते घ्यावं का?

नको. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते २० अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १२० ते २४० वॉट. एवढ्यावर मिनिटाला सहा ग्रॅमही वाफ सलग होत नाही. १५०० वॉट १२ व्होल्टवर काढायचे तर १२५ अँपिअर लागतील. घरातून एक्स्टेन्शन आणताना मात्र जाड तारेचं घ्या, आणि गुंडाळीचं असेल तर संपूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार आतून तापते.

प्रश्न : एसी लावला की कुबट वास येतो. जाळीतून आत वाफ सोडली तर जाईल का?

जाळीवरची धूळ जाईल, वास नाही. तो बहुधा खोल आत, ओल्या राहणाऱ्या इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे एसीतल्या हवा गार करणाऱ्या भागावरून येतो, आणि जाळीतून सोडलेली वाफ तिथपर्यंत पोचायच्या आत वाटेतच पाणी होते. आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा भाग, काढून बघा. काळा किंवा ओला असेल तर बदला, आणि पाणी बाहेर सोडणारी एसीची नळी तुंबली आहे का तेही तपासा.

प्रश्न : बॉयलरच्या झाकणातून बारीक सूं सूं वाफ निसटते. झाकण आणखी घट्ट पिळलं तर चालेल?

चालणार नाही. यंत्र बंद करा, प्लग काढा, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा आणि यंत्र गार होऊ द्या. झाकणातली रबरी चकती कडक झाली असेल, तिला चीर गेली असेल किंवा तिच्यावर क्षाराचा खडा बसला असेल. खडा असेल तर पुसून काढा, नाहीतर त्याच मापाची त्याच कंपनीची चकती घाला. घरातली दुसरी कुठलीही रबरी वॉशर बसवू नका. नवी चकती घातल्यावरही वाफ येत राहिली, तर ती झाकणातल्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून येत असू शकते. मग दोष दाब आवरणाऱ्या स्विचमध्ये असण्याचा संभव आहे. ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत लावू नका.