देव न मानता अध्यात्म : सुरुवात श्वासापासून

तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षं नास्तिक आहे, मत बदललेलं नाही, पण अभंग ऐकताना किंवा डोंगरमाथ्यावर एकटं बसल्यावर आतून भरून येतं, त्याचं काय करायचं? देव मानल्याशिवाय या वाटेने जाता येतं का?

येतं, आणि ही पळवाट नाही. आपल्या दर्शनांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांत, 'नास्तिक' म्हणजे वेदप्रामाण्य नाकारणारा, देव नाकारणारा नव्हे. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही आस्तिक दर्शनं, तरी सृष्टिकर्त्या ईश्वरावाचून त्यांचं अडत नाही. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं (प्रकरणातलं) २३ वं सूत्र पाहा : 'ईश्वरप्रणिधानाद्वा'. शेवटचा 'वा' म्हणजे 'किंवा'. ईश्वर हा तिथे अनेक उपायांपैकी एक आहे. त्याच पादातलं ३९ वं सूत्र तर म्हणतं, मनाला रुचेल त्याचं ध्यान करा.

श्वासापासून सुरुवात करा, कारण त्यासाठी काहीच मानावं लागत नाही. सकाळी पोटात अन्न नसताना २० मिनिटं बसा. बुडाखाली चार-पाच इंच जाडीची घट्ट उशी हवी, म्हणजे गुडघे जमिनीला टेकतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. उशी नसली की कंबर मागे कलते आणि दहाव्या मिनिटाला पाठ बोलू लागते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीत बसा, त्यात काही कमी नाही. प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. गणती सतराला पोचलेली आढळली तर हळहळू नका, एकवर या. ते लक्षात येणं हाच अभ्यास आहे.

बहुतेकांचं बिनसतं ते श्वास मुद्दाम खोल घ्यायला लागल्यामुळे. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. यालाच 'ऊर्जा जागी झाली' समजणारे पुष्कळ भेटतात. मिटल्या डोळ्यांपुढे दिसणारे ठिपके आणि प्रकाशही दृष्टियंत्रणेतूनच येतात.

म्हणून एक वही ठेवा आणि पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे घडलं तेवढंच : 'तळहाताला मुंग्या, चार मिनिटं. नंतर शांत वाटलं.' उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ. शांतता खरी आहे, ती नाकारू नका. पण उजव्या बाजूची नोंद तपासल्याशिवाय डावीकडे जाता कामा नये. माझ्या मते नास्तिकाने या वाटेवर सोबत न्यावी अशी हीच शिस्त आहे. ती सुटली की माणूस एका श्रद्धेतून दुसऱ्या श्रद्धेत जाऊन पडतो. अभंगाचंही तेच : डोळे भरून आले हे डावीकडे. विठ्ठल आहे की नाही हा उजवीकडचा प्रश्न, आणि तो सुटेपर्यंत अभंग ऐकायचं थांबायला नको.

इगतपुरीचं विपश्यना ध्यानशिबिर बरेच जण लगेच सुचवतील. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, संपूर्ण मौन, शुल्क नाही. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणं. पद्धत शिस्तीची आहे, पण संध्याकाळच्या प्रवचनांत पुनर्जन्म येतो, तो उजव्या रकान्यात टाका. दोन-तीन महिने घरी बसल्याशिवाय जाऊ नका. तीव्र नैराश्य किंवा अन्य मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका. आणि 'औषधं बंद करा' किंवा 'प्रश्न विचारू नका' असं सांगणाऱ्या कुणाही गुरूच्या दारातूनच परत फिरा.

घरच्या आरतीत टाळ्या वाजवून उभं राहिलात तर तत्त्वाला धक्का लागत नाही. आईला दर वेळी वाद घालून दाखवायची गरज नाही.

डोंगरमाथ्यावरचं ते भरून येणंही ठरवून अनुभवता येतं. कार्तिक-मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपास वांगणीसारख्या, शहरापासून लांबच्या जागी जा. मोबाइल बंद करून अर्धा तास अंधारात थांबा, डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहाचा इंग्रजी 'एम' शोधा. त्यातला जास्त टोकदार कोन जिकडे रोखलेला आहे तिकडे, जवळजवळ डोक्यावर, देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा धूसर ठिपका असतो. थेट बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा, म्हणजे तो उमटतो. तो उजेड निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली, तेव्हा आपली मानवजात अस्तित्वातच नव्हती. दहा मिनिटं काही न बोलता बघत राहा, आणि वहीत लिहायचं ते घरी आल्यावर लिहा. ढग आले तर पुढची अमावास्या धरा.